प्रोटीन बार घेताना वेष्टनावर नेमके काय वाचावे? गोडवा, प्रथिने आणि उष्मांकांचा हिशोब

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. प्रोटीन बार, प्रोटीन चिप्स, प्रोटीन कुकी आणि 'साखर नाही' असे ठळक अक्षरांत लिहिलेले लाडू आता किराणा दुकानापासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतात. आमच्या घरी ते तीन कारणांनी येतात. मुलगा कॉलेजातून परस्पर जिमला जातो, सासूबाईंना मधुमेह आहे, आणि मला स्वतःला ऑफिसमध्ये संध्याकाळी चहाबरोबर काहीतरी लागते. एकच बार या तिघांनाही सारखाच योग्य ठरेल, असे मला वाटत नाही. म्हणून वेष्टन कसे वाचावे आणि गोडव्यासाठी घातलेल्या पदार्थांना किती महत्त्व द्यावे, यावर येथे नीट चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

सुरुवात मीच करते. 'हाय प्रोटीन' हे शब्द वाचून आपण जितके समजतो, तितके त्यांत नसते. एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेच्या २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांनुसार, घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये रोजच्या शिफारशीच्या २० टक्के प्रथिने असली की 'हाय प्रोटीन' म्हणता येते. प्रौढ पुरुषाची रोजची शिफारस ५४ ग्रॅम धरली, तर हा उंबरठा १०० ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम इतकाच येतो. निम्मे शेंगदाणे आणि निम्मा गूळ घालून केलेल्या साध्या चिक्कीत १०० ग्रॅममागे १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे आपली चिक्कीदेखील हा उंबरठा ओलांडते. मला चिक्की आवडते, परंतु प्रथिनांसाठी चिक्की खा, असे मी कोणाला सांगणार नाही.

त्यामुळे दर्शनी भागावरच्या शब्दांपेक्षा मी मागच्या तक्त्यावर एक सोपा हिशोब करते. प्रथिनांच्या ग्रॅमला ४ ने (एका ग्रॅममागे ४ किलोकॅलरी) गुणायचे आणि त्याला एकूण किलोकॅलरींनी भागायचे. येणारा आकडा म्हणजे त्या पदार्थातील ऊर्जेचा किती भाग प्रथिनांतून येतो ते प्रमाण. समजा, ६० ग्रॅमच्या एका बारमध्ये २० ग्रॅम प्रथिने आणि २३० किलोकॅलरी आहेत, तर हे प्रमाण ३५ टक्के येते. ४० ग्रॅमच्या दुसऱ्या बारमध्ये ६ ग्रॅम प्रथिने आणि १८० किलोकॅलरी असतील, तर ते १३ टक्क्यांवर येते. दोन्हींवर 'प्रोटीन' हा शब्द सारख्याच आकारात छापलेला असतो. तुलनेसाठी सांगते, उकडलेल्या अंड्यात हे प्रमाण सुमारे ३२ टक्के, टोन्ड दुधात २० च्या आसपास आणि शेंगदाण्यात सुमारे १८ टक्के असते. माझ्या मते २० टक्क्यांच्या खालच्या पदार्थाला गोड खाऊ समजावे आणि खाऊ म्हणूनच त्याचा आनंद घ्यावा.

गोडव्याच्या बाबतीत मात्र माझ्याकडे असे एकच सूत्र नाही. माल्टिटॉल, एरिथ्रिटॉल, सुक्रालोज, स्टीव्हिया, खजूर, गूळ यांपैकी कोणाचे काय परिणाम होतात, हे जाणकारांनी सांगावे.

कोरांटी

रानजाई ताई, आपले सूत्र उपयुक्त आहे आणि मी आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना साधारण हेच शिकवते. त्यात दोन गोष्टी जोडाव्यात असे वाटते.

पहिली गोष्ट गरजेची. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम हे आकडे त्यातूनच आले आहेत. दोन्ही जेवणांत वरण किंवा उसळ, दिवसभरात एखादा पेला दूध किंवा दही, आणि जमल्यास अंडे किंवा मासे असतील, तर बहुतेकांची गरज घरच्या ताटातूनच भागते. ज्यांचे जेवण दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ आमटी एवढ्यावर उरकते, त्यांना खरी कमतरता जाणवते. अशा व्यक्तीने बार विकत घेण्यापूर्वी आमटी घट्ट करावी, हे मी आग्रहाने सांगते.

दुसरी गोष्ट प्रथिनांच्या दर्जाची. प्रयोगशाळेत सहसा पदार्थातील नत्र मोजून त्यावरून प्रथिनांचा आकडा काढला जातो. त्यामुळे आकडा सारखा असला तरी शरीराला मिळणारा लाभ सारखा असेलच असे नाही. दुधातील व्हे आणि सोयाचे विलग केलेले प्रथिन यांत सर्व आवश्यक अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक, चांगल्या प्रमाणात असतात. शेंगदाण्यात त्यांपैकी लायसिन कमी पडते. कोलॅजनमध्ये तर ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, आणि म्हणून दर्जाच्या प्रचलित मोजमापात एकट्या कोलॅजनला शून्य गुण मिळतात. बारच्या प्रथिनांचा मोठा भाग कोलॅजन किंवा जिलेटिनचा असेल, तर स्नायूंसाठी तो बार निवडण्यात अर्थ नाही.

पाणवठा

मला टाइप २ मधुमेह आहे, त्यामुळे प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहितो. 'साखर नाही' असे लिहिलेला एक चॉकलेटचा बार मी काही काळ निर्धास्तपणे खात होतो. तक्त्यात साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी होती, तरीही तो खाल्ल्यानंतर ग्लुकोमीटरवर येणारा आकडा मला खटकत असे. घटकांची यादी पाहिल्यावर कारण कळले. यादीत पहिल्याच क्रमांकावर माल्टिटॉल होते.

माल्टिटॉल हे रासायनिक वर्गीकरणात साखरेत मोडत नाही, त्यामुळे तक्त्यातील 'एकूण साखर' या ओळीत ते येत नाही. मात्र आतड्यात त्याचे विघटन होऊन ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल तयार होतात आणि त्यातील ग्लुकोज रक्तात जातेच. त्याचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे पदार्थ रक्तातील साखर किती वाढवतो याचे माप, पावडरीसाठी ३५ च्या आसपास, तर सिरपसाठी ५० च्या आसपास सांगितला जातो. साध्या साखरेचा तो सुमारे ६५ असतो. म्हणजे साखरेपेक्षा बरे, पण मधुमेह्याने हिशोबात न धरण्याइतके निरुपद्रवी मुळीच नाही. रक्तातील साखर वाढवण्याच्या बाबतीत एरिथ्रिटॉलचा परिणाम जवळजवळ शून्य असतो. या दोघांना 'शुगर अल्कोहोल' या एकाच नावाखाली ठेवल्याने माझ्यासारख्यांची फसगत होते.

आमच्या डॉक्टरांनी घालून दिलेला नियम असा आहे की, माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असेल तर त्याचे निम्मे ग्रॅम कर्बोदकांत धरायचे, आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी एकदा तपासून पाहायचे. प्रत्येकाचा प्रतिसाद थोडा वेगळा असतो, त्यामुळे स्वतःच्या बोटावरचा आकडा हाच अखेर खरा. सासूबाईंसाठी निवड करताना रानजाई ताईंनी याचा विचार जरूर करावा.

सह्यवारा

मी खाद्यपदार्थांच्या उत्पादनात काम करतो आणि अशा बारच्या कृती तयार करण्याशी माझा थेट संबंध आला आहे. हे पदार्थ का घातले जातात हे कळले, तर यादी वाचणे सोपे होईल.

सुक्रालोज साखरेच्या साधारण ६०० पट गोड असते. बारमधील ३० ग्रॅम साखरेचा गोडवा सुमारे ५० मिलिग्रॅम सुक्रालोजने भरून निघतो, पण साखर गोडव्यासोबत आकार, चिकटपणा आणि ओलावाही देत असते. ती जागा कशाने तरी भरावी लागते. म्हणून माल्टिटॉल सिरप, ग्लिसरीन किंवा चिकोरीच्या मुळापासून काढलेला इन्युलिन हा तंतू वापरतात. दुसरी अडचण अशी की, प्रथिनांची पावडर दिवसागणिक ओलावा शोषत जाते आणि काही महिन्यांत बार दाताने तुटेनासा होतो. ग्लिसरीनमुळे तो मऊ राहतो. यादीत ते आयएनएस (अन्नातील मिश्रकांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) ४२२ या क्रमांकाने दिसते. ते सुरक्षित आहे, चवीला गोड आहे, साखर म्हणून मोजले जात नाही, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममधून साखरेइतकीच, म्हणजे चारच्या वर किलोकॅलरी मिळतात. 'साखर १ ग्रॅम' असे लिहिलेल्या बारच्या किलोकॅलरी २०० च्या वर कशा, असा प्रश्न पडला तर उत्तर बहुधा येथे आणि चरबीत सापडते.

यादी वाचताना एक पथ्य पाळावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणे बंधनकारक आहे. त्यामुळे सुक्रालोज (आयएनएस ९५५), ॲसेसल्फेम पोटॅशियम (९५०) किंवा स्टीव्हियातील ग्लायकोसाइड (९६०) नेहमी शेवटी दिसतात, आणि त्यावरून ते नगण्य आहेत असा समज करून घेऊ नये, कारण त्यांचे काम मिलिग्रॅममध्येच भागते. माल्टिटॉल (९६५) किंवा सॉर्बिटॉल (४२०) वरच्या तीन-चार घटकांत असेल, तर मात्र प्रमाण खरोखर मोठे आहे. साखरेचेही असेच पाहावे. साखर, ग्लुकोज सिरप, मध, गूळ आणि माल्टोडेक्स्ट्रिन असे पाच घटक वेगवेगळे लिहिले की प्रत्येक जण यादीत खाली सरकतो आणि पहिल्या क्रमांकावर ओट्स झळकतात. ते मनातल्या मनात एकत्र करून पाहावेत. चॉकलेटचे आवरण असेल तर संपृक्त चरबीची ओळ अवश्य पाहावी, कारण अनेक आवरणे पामच्या तेलापासून केलेली असतात.

रानजाई

सह्यवारा, ही माहिती फार मोलाची आहे, मनापासून आभार. गोडवा देणारा पदार्थ आणि साखरेची जागा भरणारा पदार्थ हे दोन वेगळे असतात, हे ध्यानात आल्यावर यादी एकदम वेगळी दिसू लागली.

खजुराबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून विचारते. 'फक्त खजुराचा गोडवा' असे लिहिलेले बार सध्या खूप दिसतात. खजुराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरच असते. ४० ग्रॅमच्या बारमध्ये निम्मा खजूर धरला, तर एकट्या खजुरातून १३ ग्रॅम साखर येईल. 'वरून घातलेली साखर शून्य' आणि 'एकूण साखर १३ ग्रॅम' या दोन्ही ओळी अशा वेळी खऱ्याच असतात. यातली कोणती ओळ मोजायची?

कोरांटी

घरातील कोणासाठी मोजता, यावर ते अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्यतो ५ टक्क्यांहून कमी ठेवण्यास सांगितले. दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० आणि २५ ग्रॅम असा होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेचा रोखही रोज २५ ग्रॅमच्या आत राहण्याकडेच आहे. गूळ, मध आणि सर्व प्रकारची सिरपे मुक्त साखरेत येतात. अख्ख्या फळातील साखर त्यात धरत नाहीत, कारण तिच्यासोबत तंतू येतात आणि ती सावकाश पोटात जाते. निरोगी माणसाने त्यामुळे वरून घातलेल्या साखरेची ओळ आधी पाहावी. मधुमेह असलेल्या व्यक्तीने मात्र एकूण कर्बोदके आणि एकूण साखर हेच पाहावे, कारण रक्ताला खजूर आणि उसाचा भेद फारसा कळत नाही. सासूबाईंना खजुराचा बार 'नैसर्गिक' म्हणून देऊ नये. अर्धा बार जेवणातील कर्बोदके कमी करून दिला, तर चालेल.

आणखी एक गोष्ट, तक्ता बहुधा १०० ग्रॅममागे दिलेला असतो आणि एका पुडीत दोन वेळा खाण्याइतका पदार्थ (दोन सर्व्हिंग) असू शकतो. आपण प्रत्यक्षात किती ग्रॅम खाणार, त्यावर आकडे बसवून घ्यावेत.

दूरदेशी

मी जर्मनीत राहते. येथे प्रोटीन बार सुपरमार्केटात बिस्किटांच्या शेजारी असतात आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या बॅगांतून परतही जातात, म्हणून येथील वेष्टनाबद्दल लिहिते. युरोपात पॉलिऑलसाठी (म्हणजे माल्टिटॉलसारख्या शुगर अल्कोहोलसाठी) प्रत्येक ग्रॅममागे २.४ किलोकॅलरी धरतात, फक्त एरिथ्रिटॉलसाठी शून्य. बऱ्याच बारवर कर्बोदकांच्या खाली 'त्यातील पॉलिऑल' अशी स्वतंत्र ओळ असते, आणि पाणवठा यांनी सांगितलेला निम्मे धरण्याचा हिशोब त्यामुळे लगेच करता येतो. पॉलिऑल १० टक्क्यांहून अधिक असतील, तर जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात अशी सूचना छापावी लागते. भारतातही याच प्रमाणाच्या आसपास तशीच सूचना बंधनकारक आहे, ती पुडीच्या कडेला बारीक अक्षरांत शोधावी.

ज्यांचे पोट नाजूक आहे, त्यांनी ही सूचना गंभीरपणे घ्यावी असे माझे मत आहे. मला आतड्यांचा जुना त्रास आहे आणि माल्टिटॉल व इन्युलिन एकत्र असलेला बार खाल्ला की संध्याकाळपर्यंत पोट फुगलेले राहते. हे न पचलेले अंश मोठ्या आतड्यात पोहोचतात, पाणी ओढून घेतात आणि तेथील जिवाणू त्यांच्यापासून वायू तयार करतात. एरिथ्रिटॉल बहुतांशी लहान आतड्यातच शोषले जाऊन लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून ते मला सोसते. परंतु हृदयविकाराशी त्याचा संबंध असल्याच्या बातम्या वाचल्यापासून मी थांबले आहे. कोरांटी, याबद्दल आपण काय सांगाल?

कोरांटी

२०२३ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांचा अभ्यास 'नेचर मेडिसिन' मध्ये आला. रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये पुढील काळात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात अधिक आढळले. हा केवळ संबंध आहे, कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय आपले शरीर स्वतःही थोडे एरिथ्रिटॉल तयार करते आणि चयापचय बिघडलेल्या व्यक्तींत ते वाढलेले असू शकते. मात्र त्याच गटाने निरोगी स्वयंसेवकांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल दिल्यावर रक्तातील प्लेटलेट (रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या पेशी) अधिक सक्रिय झाल्याचेही नोंदवले, आणि ही बाब मला दुर्लक्षित करावीशी वाटत नाही. ज्यांना हृदयविकार झाला आहे, स्टेंट बसवलेला आहे किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास आहे, त्यांनी अधिक पुरावा येईपर्यंत एरिथ्रिटॉलचे मोठे डोस टाळावेत. इतरांनी अधूनमधून एखादा बार खाल्ला, तर घाबरण्याचे कारण मला दिसत नाही.

अस्पार्टेमविषयीही विचारणा होते. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते 'कदाचित कर्करोगकारक' या २ब गटात ठेवले. त्याच वेळी अन्नातील मिश्रकांचे मूल्यमापन करणाऱ्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली. पहिली संस्था धोका संभवतो का हे पाहते, दुसरी किती प्रमाणात संभवतो हे पाहते. सुक्रालोजसाठी ही मर्यादा किलोमागे १५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ९०० मिलिग्रॅम. सह्यवारांनी दिलेल्या ५० मिलिग्रॅमशी ती ताडून पाहता येईल. फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांना मात्र अस्पार्टेम पूर्ण वर्ज्य आहे.

वजन कमी करण्यासाठी साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या अशा गोड पदार्थांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. तो आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही आणि पॉलिऑल त्यात येत नाहीत, हे बातम्यांमध्ये अनेकदा गाळले गेले.

जोंधळा

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, परंतु एक मूलभूत प्रश्न मांडतो. भाजलेल्या फुटाण्यांत १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. रानजाई ताईंच्या सूत्राने हे प्रमाण सुमारे २२ टक्के येते, म्हणजे त्यांच्या रेषेच्या वरच. त्यात भरपूर तंतू आहेत, गोडव्याचा प्रश्नच नाही आणि किंमत बारच्या काही अंश. सोयावडीत तर १०० ग्रॅममागे ५२ ग्रॅम प्रथिने असतात. मीठ-मसाला लावून कुरकुरीत भाजलेली सोयावडी डब्यात आठवडाभर टिकते. मग माल्टिटॉल, ग्लिसरीन आणि पाम तेल यांचे आकडे जुळवत बसण्याची गरज कोणाला आहे?

रानजाई

जोंधळा, घरासाठी आपले म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे आणि ऑफिसच्या माझ्या खाण्यापुरता प्रश्न फुटाण्यांनी सुटतो. पण माझ्या मुलासाठी तो तसा सुटत नाही. व्यायामानंतर २० ग्रॅम प्रथिने फुटाण्यांतून घ्यायची, तर त्याला १०० ग्रॅम फुटाणे आणि त्यासोबत साडेतीनशेहून अधिक किलोकॅलरी घ्याव्या लागतील, आणि एवढे फुटाणे रिकाम्या पोटी खाऊन लोकलच्या गर्दीत उभे राहणे त्याला जमत नाही. त्याच्यासाठी दही, ताक किंवा दोन-तीन अंडी हा पहिला पर्याय आहे, आणि जेथे यांपैकी काही शक्य नाही तेथे व्हे किंवा सोयाचा, माल्टिटॉल नसलेला बार मी घेऊन ठेवते. खारवलेले चणे घेताना सोडियमची ओळही पाहावी. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे आणि चटपटीत पुडीत तिचा बराच हिस्सा निघून जातो.

मधुमालती

माझी मुलगी पाचवीत आहे. वर्गातील मुले डब्यात प्रोटीन बार आणतात म्हणून तीही हट्ट धरते. सुक्रालोजचा बार लहान मुलांना द्यावा का?

कोरांटी

मी देणार नाही. २५ किलोच्या मुलीसाठी सुक्रालोजची मर्यादा ३७५ मिलिग्रॅम होते, त्यामुळे एका बारने ती ओलांडली जाणार नाही. तरीही माझा नकार कायम आहे, कारण या वयात जिभेला जितक्या गोडीची सवय लागते तितकीच गोडी ती पुढे मागते. शिवाय वाढीच्या वयात प्रथिनांसोबत कॅल्शियम, लोह आणि पुरेशा किलोकॅलरीही हव्यात, त्या दूध, उसळ, अंडी आणि शेंगदाण्यांतून एकत्र मिळतात. थोडा गूळ घातलेला राजगिऱ्याचा किंवा शेंगदाण्याचा एक लहान लाडू डब्यात द्यावा. त्यातील साखर दिसते आणि मोजता येते. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल असलेले बार किंवा पीनट बटर त्याच्या आवाक्यात ठेवू नये, ते कुत्र्यांसाठी विषारी आहे.

पाणवठा

मधुमेह असणाऱ्यांसाठी एक मुद्दा राहून गेला. आपल्यापैकी अनेकांच्या मूत्रपिंडावर हळूहळू परिणाम झालेला असतो आणि तो तपासल्याशिवाय कळत नाही. माझे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) वाढल्यावर डॉक्टरांनी प्रथिनांचे रोजचे प्रमाण ठरवून दिले आणि २० ग्रॅमचे बार बंद करायला सांगितले. रानजाई ताई, सासूबाईंचा अलीकडचा अहवाल पाहिला आहे का?

रानजाई

क्रिएटिनिनचा अहवाल मर्यादेत आहे, परंतु लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी बरेच दिवसांत झालेली नाही. या आठवड्यात ती करून घेते. तोपर्यंत त्यांच्यासाठी बार आणत नाही. संध्याकाळी त्यांना मूठभर फुटाणे आणि वाटीभर साधे ताक देते आणि दोन तासांनंतरचा आकडा वहीत लिहून ठेवते. अहवाल आल्यावर डॉक्टर प्रथिनांचे जे प्रमाण सांगतील ते येथे लिहीन, म्हणजे पाणवठा आणि कोरांटी यांना त्यावर अधिक सांगता येईल.